सिपनाकाठचा एक रविवार: रानपिंगळा शोधायला गेलो आणि डोहापाशी बसलो

मोहफूल
सोमवार, रात्री १०:५२

वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पहिल्या पाच प्रतिसादांतला एक प्रश्न कमी होईल. वाळूत पंजा दिसला. तोही आदल्या रात्रीचा, कडा ढासळलेला.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सात जण मेळघाटात सेमाडोहला जाऊन आलो. पहाटे जाऊन रात्री घरी. चौघं आम्ही अमरावतीचे, नेहमीचे. तिघं बाहेरगावचे, व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमधून जमलेले. दोन गाड्या, एक भलीमोठी लेन्स, डब्यात पुरणपोळीऐवजी दशम्या आणि जवसाची चटणी.

निमित्त रानपिंगळ्याचं. एकवीस वर्षं मी अमरावतीत राहते आणि जगात फक्त भारतात सापडणारं हे घुबड मी पाहिलेलं नव्हतं. पुण्या-मुंबईचे लोक येतात, पाहतात, फोटो टाकतात, आणि आम्ही इथले 'हो, आहे आमच्याकडे' म्हणून मान डोलावतो. लाज वाटायला लागली होती.

परतवाड्याला अंधारातच पहिला चहा झाला. घटांगच्या पुढे उजाडायला लागलं तशी काच खाली केली आणि मोहाचा वास आत आला. गोड, थोडासा उग्र, भिजलेल्या गोणपाटाजवळ गूळ ठेवल्यासारखा. रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बायका-पोरं मोह वेचायला निघालेली. फुलं पहाटे गळतात, त्यामुळे माणसांची पहाटही लवकर होते.

सेमाडोहला गार्डसाहेब आणि आमचे गाईडभाऊ भेटले. गाईडभाऊ कोरकू, पन्नाशीचे, बोलायला कमी. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. गार्डसाहेबांनी नियम सांगितले: गाभ्यात पायी फिरायचं नाही, गावाच्या अंगानेच चालायचं, प्लास्टिक परत न्यायचं, आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत. सगळ्यांनी माना हलवल्या.

सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. नदीचं नाव सागाचं, पण पाण्याला लागून साग नाही. साग वरच्या उतारांवर, मार्चात पार उघडावाघडा, खाली पापडासारखा पाचोळा. पाऊल टाकलं की अर्ध्या डोंगराला कळतं. आणि खाली काठाने अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर यांची दाट पट्टी. मध्येच एखादा कुसुम नव्या पालवीने असा लालभडक झालेला, की आमच्यातल्या एकीला दुरून ती फुलंच वाटली. वरून पाहिलं तर करड्या डोंगरातून कुणी हिरवी नाडी ओवल्यासारखं दिसतं. पक्षी कुठे असतील हे वेगळं सांगायला नको. पण रानपिंगळा त्या हिरव्यात नसतो. तो वर, उघड्या सागांत.

हे घुबड दिवसाचं आहे. सकाळचं ऊन खात उघड्या फांदीच्या शेंड्यावर बसतं. सोपं वाटतं ना? दोन तास माना मोडेपर्यंत शेंडे पाहिले. साधा पिंगळा दोनदा भेटला, जंगल पिंगळा एकदा. दर वेळी सात जणांच्या छातीत धस्स, आणि दर वेळी गाईडभाऊंची मान आडवी.

आठच्या सुमाराला आमच्यातल्या एकाने खिशातून फोन काढला आणि रानपिंगळ्याचा आवाज वाजवला. तीन-चार वेळा. गार्डसाहेब मागे दुसऱ्या गाडीपाशी होते. आम्ही 'अहो, नको' म्हणेपर्यंत उतारावरून काहीतरी सरळ आमच्याकडे आलं आणि वीस-पंचवीस पावलांवरच्या सागावर बसलं.

रानपिंगळाच. डोक्यावर ठिपके नाहीत, छातीवर मफलर गुंडाळावा तसा तपकिरी पट्टा, पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांचे. शेपटी एकसारखी इकडून तिकडे झटकत होता. या फांदीवरून त्या फांदीवर, मग पलीकडच्या झाडावर, पुन्हा परत. सारखा ओरडत होता. दुसरा कोण घुसला म्हणून शोधत होता. चार-पाच मिनिटं हे चाललं. कॅमेऱ्याचा खटखटाट. मग तो उतारावर निघून गेला.

मी पाहिला. एकवीस वर्षांनी पाहिला, पूर्ण उजेडात पाहिला. आणि मला कुणाच्या घरी न बोलावता जाऊन उभं राहिल्यासारखं झालं. वहीत नोंद केली, पण पुढे एक फुली मारली. तिचा अर्थ काय हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

गाईडभाऊ काही बोलले नाहीत. झाडाखाली जाऊन पाचोळ्यात वाकून काहीतरी पाहून आले. विचारलं तर म्हणाले, "काही नाही जी. चला, ऊन होते आता." आम्ही गाड्यांकडे निघालो, ते थोडे मागून आले.

त्यानंतर गाडीत शांतता. कुणी कुणाशी भांडलं नाही, पण दशम्या खाताना दोन टोळकी पडली होती.

साडेअकराला ऊन चटचटायला लागलं. आता झोपायचं की परत फिरायचं असा विचार चालू असताना गाईडभाऊ आम्हाला गावाजवळच्या एका डोहावर घेऊन गेले. या दिवसांत सिपना सलग वाहत नाही, डोहाडोहांत उरते. हा डोह मोठा नाही, एक एसटी उभी राहील एवढा. वर अर्जुनाची आणि जांभळाची सावली. "इथं बसा. हालू नका. बोलू नका." आणि स्वतः खडकाला टेकून त्यांनी डोळे मिटले.

पहिली वीस मिनिटं काही नाही. डास. मग एक धीवर येऊन दगडावर बसला, जणू आम्ही झाडंच. मग बुलबुल, नाचरा, निळा माशीमार. पाचू होला अगदी चालत आला, इकडे तिकडे न बघता पाणी प्यायला आणि चालतच परत गेला, बँकेत पासबुक भरून निघालेल्या माणसासारखा. वरच्या उंबरात हरियालांचा थवा. आपला राज्यपक्षी एवढा हिरवा, की तीस-एक असतील आणि उडेपर्यंत मला सात दिसले.

आणि मग स्वर्गीय नर्तक. पांढरा नर, हातभर लांब शेपटीच्या दोन फिती. तो पाण्यात बसून अंघोळ करत नाही. फांदीवरून सूर मारतो, छाती टेकवतो न टेकवतो तोच वर. फिती मागून येतात, पाण्यावर एक रेघ ओढतात. पुन्हा फांदी, पुन्हा सूर. अकरा वेळा. मी मोजले. नंतर फांदीवर बसून पिसं फुगवून थरथरला तेव्हा त्याचे थेंब खालच्या पानांवर पडल्याचा आवाज आला. एवढी शांतता होती.

एक गंमत. आमच्यातल्या एकाने आवाज ओळखणारं ॲप लावून ठेवलं होतं (नुसतं ऐकणारं, वाजवणारं नव्हे). दहा मिनिटांत त्यात शिक्रा, हळद्या, टकाचोर, सर्पगरुड अशी रांग लागली. आम्ही आकाशभर शिक्रा शोधतोय. गाईडभाऊंनी डोळे न उघडता जांभळाकडे बोट केलं. एकटा भृंगराज बसून सगळ्यांच्या नकला करत होता.

निघताना अर्जुनाच्या बुंध्याशी खेकड्याच्या कवचाचे तुकडे दिसले. वर पाहिलं तर पानांच्या अंधारात हुमा घुबड, मासे-खेकडे खाणारं, कान पाडून आमच्याकडेच बघत होतं. साडेतीन तास आम्ही त्याच्या खाली बसलो होतो.

दिवसभरात ५८ प्रकारचे पक्षी. त्यातले ३४ त्या डोहावर, बुडाला मुंग्या येईपर्यंत बसून. मेळघाटात यापुढे मी चालणार कमी आणि बसणार जास्त, एवढं ठरवलं आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा
सोमवार, रात्री ११:३०

काकू, लय भारी लिहून राहिल्या तुम्ही. पण सेमाडोहला जाऊन आल्या अन् रबडीचं नावच नाही? असं कसं चालीन बाप्पा!

---

मोहफूल
सोमवार, रात्री ११:३८

@वऱ्हाडी_ठेचा, खाल्ली रे. दोन वाट्या. मधुमेहाचे डॉक्टर हा धागा वाचत असतात म्हणून लिहिलं नाही.

---

सदाशिवपेठी
मंगळवार, सकाळी ७:०५

लेख उत्तम. दोन शंका. एक, तुम्ही पाहिलेला तो रानपिंगळाच कशावरून? सकाळच्या उन्हात साध्या पिंगळ्याचेही ठिपके पुसट दिसतात. फोटो टाका. दोन, 'निळा माशीमार' हे नाव ढोबळ झालं. निळे माशीमार पाच-सहा आहेत.

---

मोहफूल
मंगळवार, सकाळी ९:२०

फोटो माझ्याकडे नाहीत, माझ्याकडे फक्त दुर्बीण होती. पण खुणा सांगते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. जंगल पिंगळा अंगभर बारीक पट्ट्यांचा, धोतराच्या काठासारखा. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी सलग पट्टा आणि खाली पोटाचा मधला भाग पांढरा स्वच्छ. शिवाय डोकं आणि पाय शरीराच्या मानाने मोठे. आणि शेपटी झटकण्याची ती तऱ्हा. एकदा पाहिली की विसरत नाही.

माशीमार टिकेलचा. नारिंगी छाती, पांढरं पोट. तुमचं बरोबर आहे, नीट लिहायला हवं होतं.

---

खान्देशकर
मंगळवार, दुपारी १:१५

रानपिंगळ्याचा विषय निघाला आणि शहाद्याचं नाव नाही, हे चालणार नाही.

या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने १८७३ मध्ये केलं. पुढे थोडेच नमुने मिळाले, आणि खरा शेवटचा १८८४ चा, तोही आमच्याच खान्देशातला. त्यानंतर पक्षी गायब. १९१४ मध्ये आपण गुजरातेत एक मारला असं रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सांगितलं आणि लोक त्या पत्त्यावर शोधत राहिले. पक्षी कुठला सापडायला! या गृहस्थाने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नव्याने शिवून, आपला म्हणून दाखवला होता. पामेला रासमुसेन या संशोधिकेने हे उघडकीला आणलं. मग खोटा पत्ता बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी शोध घ्यायचा ठरला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो भर सकाळी उघड्या झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी.

नंतर मेळघाट, यावल, आणि २०१४ मध्ये पार ठाण्याच्या तानसा अभयारण्यातही तो मिळाला. म्हणजे मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत हा पक्षी बसला होता आणि कुणाला पत्ता नाही. माझे आजोबा तळोद्याकडचे. ते म्हणायचे, दिवसा ओरडणारं घुबड आम्ही लहानपणापासून बघतो. त्यांना विचारायला कुणी आलं नाही.

---

दुर्बीणवाली
मंगळवार, दुपारी ३:४०

@खान्देशकर, आजोबांचं वाचून गप्प झाले.

@मोहफूल, काही व्यवहारी प्रश्न. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, नेता येईल का? आणि नवरंग दिसला का? तिला नवरंगच बघायचाय, भिंतीवर चित्र लावलंय.

---

मोहफूल
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

नऊ वर्षांची मुलगी डोहापाशी नक्की बसेल. मोठी माणसं जास्त चुळबुळ करतात. टोपी, पूर्ण बाह्यांचा करड्या-हिरव्या रंगाचा सदरा, भरपूर पाणी. पांढरे आणि भडक कपडे नकोत.

नवरंग आत्ता नाही मिळणार. तो पावसाच्या तोंडाशी आपल्याकडे येतो, वीण करतो, आणि पावसाळा संपला की दक्षिणेला जातो. मे अखेर, जून. तोपर्यंत चित्रावर भागवा. पण पावशा सुरू झालाय. 'पेरते व्हा, पेरते व्हा' करत पहाटे ओरडत होता, आणि पेरायला अजून तीन महिने आहेत.

---

कॅमेरावीर_७२
मंगळवार, रात्री ९:०२

लेख छान, पण एका गोष्टीचा बाऊ केलाय असं वाटतं. मोबाइलवर चार वेळा आवाज वाजवला, पक्षी आला, पाच मिनिटांनी गेला. काय बिघडलं? संशोधकसुद्धा गणना करताना आवाज वाजवतात. आणि पक्षी दाखवल्याशिवाय लोकांना त्याच्याबद्दल आस्था कशी वाटणार? दोन तास मान मोडून काही न दिसता परत जाणारा माणूस पुन्हा येत नाही.

---

पानगळ
मंगळवार, रात्री १०:२५

@कॅमेरावीर_७२, मी काही वर्षं पक्षीगणनेला जाते म्हणून लिहिते. गणनेत आवाज वाजवतात तो परवानगीने, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेली मिनिटं. उत्तर मिळालं की बंद. पुन्हा त्या जागी जात नाहीत. प्रत्येक रविवारी प्रत्येक गाडीतून कुणीतरी त्याच सागाखाली आवाज वाजवणं ही वेगळी गोष्ट आहे.

रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालते. म्हणजे मार्चात तिथे कुठेतरी ढोलीत मादी बसलेली असू शकते. ती बसते तेव्हा खाणं नर आणतो. आता त्या नराला वाटलं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. त्याने काय करावं? शिकार सोडायची आणि लढायला जायचं. तुमची पाच मिनिटं ही त्याची सकाळ असते.

---

कॅमेरावीर_७२
मंगळवार, रात्री १०:४१

'असू शकते', 'वाटलं' यावर किती दिवस चालायचं? जंगलात वणवे लागतात, मोहाखाली पाचोळा जाळतात, ते कुणाला दिसत नाही. चार फोटोग्राफर मात्र दिसतात.

---

पानगळ
मंगळवार, रात्री ११:१०

मोहाखाली पाचोळा जाळतात कारण मोकळ्या जमिनीवर फुलं दिसतात आणि वेचता येतात. ती आग कधी कधी पुढे पसरते, हे खरं. त्यावर जाळ्या अंथरून फुलं गोळा करणं वगैरे उपाय आहेत आणि ते व्हायला हवेत. पण मोहावर त्या घराचं वर्षाचं मीठ-मिरची चालतं. लेन्सवर आपलं काय चालतं?

---

वऱ्हाडी_ठेचा
मंगळवार, रात्री ११:१४

लाइक्स.

(अन् हो, मी बी पानगळताईच्या पार्टीत. काकूच्या दशम्या कोन्त्या टोळक्यात गेल्या ते सांगा पह्यले.)

---

हडसनकाठची_माई
बुधवार, सकाळी ५:५०

न्यू जर्सीतून वाचतेय. इथे नदीकाठच्या झाडीत अजून काड्याच आहेत. आमचा हंगाम मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. वटवटे दक्षिण अमेरिकेकडून येतात, अंगठ्याएवढे, पिवळे-निळे-केशरी, रात्रभर उडून पहाटे झाडीत उतरतात. पालवी फुटायच्या आत ते पाहून घ्यायचे, एकदा पानं आली की फक्त आवाज. तुमच्या उघड्या सागांचं वाचून तेच आठवलं. आमच्याकडच्या गर्दीच्या जागांवरही आवाज वाजवण्यावरून दर वर्षी भांडणं होतात. परवा एका आजोबांनी एका तरुणाच्या हातातला स्पीकर अक्षरशः स्वतःच्या टोपीने झाकला.

माझं माहेर अचलपूर. मोहाच्या वासाचं वाचून लॅपटॉप मिटला आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडला.

---

सदाशिवपेठी
बुधवार, सकाळी ७:३०

खुणा पटल्या. रानपिंगळाच होता, मान्य.

नावांबद्दल एक. 'हुमा घुबड' वाचून बरं वाटलं. हल्ली सगळे 'तपकिरी मत्स्य घुबड' असं इंग्रजी नावाचं भाषांतर करतात. मारुती चितमपल्लींनी जंगलात राहणाऱ्यांकडून शब्द वेचले, नसतील तिथे घडवले. बगळ्यांच्या वीणवसाहतीला 'सारंगागार' हा त्यांचाच शब्द. तुमच्या गाईडभाऊंना विचारून कोरकू नावं लिहून घ्या ना. वाघाला कोरकूत 'कुला' म्हणतात एवढंच मला माहीत आहे.

---

मोहफूल
बुधवार, सकाळी ९:४५

@सदाशिवपेठी, हे खरंच राहून गेलं. मी यादी नेली होती मराठी आणि इंग्रजी नावांची, आणि दिवसभर त्यांना आपलीच नावं शिकवत बसले. पुढच्या वेळी कोरा रकाना नेईन.

@हडसनकाठची_माई, अचलपूरच्या ना तुम्ही? पत्ता कळवा, वाळवलेला मोह पाठवता येतो का बघते. कस्टमवाले काय म्हणतील ते म्हणोत.

---

निळा_धीवर
बुधवार, रात्री ११:५५

दोन दिवस वाचतोय. लिहावं की नाही कळत नव्हतं.

फोन काढणारा तो 'एकजण' मी आहे.

आधी बाजू मांडून घेतो. मी रेल्वेने रात्रभर प्रवास करून आलो होतो, आणि सोमवारी सकाळी नोकरीवर हजर व्हायचं होतं. तिसऱ्यांदा मेळघाटात आलो होतो, दोनदा रिकाम्या हाताने गेलो होतो. गार्डसाहेबांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं. माझ्या मनात आलं, एकदाच. @कॅमेरावीर_७२ यांनी लिहिलंय ते सगळं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत.

काल रात्री फोटो लॅपटॉपवर घेतले. १४० आहेत. बरेच हललेले, कारण पक्षी एका जागी बसत नव्हता. पहिल्या नऊ फोटोंत त्याच्या उजव्या पायात सरडा आहे. तेव्हा मला दिसला नव्हता. मी डोळ्यांवर फोकस करत होतो. दहाव्या फोटोत चोच उघडी आहे, ओरडतोय, आणि पंजा सुटलेला आहे. अकराव्यात सरडा नाही.

फोटो इथे टाकणार नाही. कुठेच टाकणार नाही. चांगला आलाय, म्हणूनच.

पानगळताई, तुम्ही लिहिलेलं 'असू शकते' माझ्याकडे नऊ फोटोंत आहे.

---

कॅमेरावीर_७२
गुरुवार, सकाळी ६:३०

वाचलं. सध्या काही लिहीत नाही.

---

दुर्बीणवाली
गुरुवार, सकाळी ८:१५

@निळा_धीवर, हे लिहिलंत, बरं केलंत.

म्हणजे गाईडभाऊ झाडाखाली वाकून बघत होते ते...?

---

मोहफूल
गुरुवार, रात्री ९:३०

@निळा_धीवर, डोहापाशी तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसला होतात. नर्तक आला तेव्हा तुमचा कॅमेरा मांडीवर होता आणि तुम्ही तो उचलला नाही, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. लिहायचं राहिलं. पुढच्या वेळी आमच्याच गाडीत या. रबडीचे पैसे मात्र तुमचे.

@दुर्बीणवाली, मलाही तोच प्रश्न पडला, म्हणून आज गाईडभाऊंना फोन लावला. दोनदा रेंज गेली. तिसऱ्यांदा लागला.

म्हणाले, "हो जी, सरडा होता. अर्धा जिता. मंग मी उचलून त्याच सागाच्या खांदीवर ठेवला, जरा उंचावर, मुंगळे नाही लागले पाह्यजे म्हणून."

मी विचारलं, नेला का त्याने?

"ते काय मालूम? तुमी गाडीत बसले न, हॉर्न वाजवून राह्यले होते. मी तुमच्या मांगं आलो."